वॉकची खेप धरायची नाही

बाबा,

या देशातून चांगला खोडरबर नाहीसा झाला आहे आणि त्याबद्दल कोणालाही काही वाटत नाही. संसदेत प्रश्न नाही, पेपरात पत्र नाही. शनिवारी मी ब्लॅकटाउनमधली तीन दुकानं पालथी घातली. पहिल्यात अननसाच्या आकाराचा मिळाला, दुसऱ्यात स्ट्रॉबेरीच्या वासाचा. तिसऱ्या दुकानातल्या मुलीने, अजून पेन्सिल वापरणाऱ्या बाईकडे ज्या दयेने बघायचं त्या दयेने बघत, बारा नगांचं पाकीट पुढे केलं. सुटा विकत नाहीत म्हणे, म्हणून बाराच्या बारा घेतले. घरी येऊन एका जुन्या पाकिटावर पेन्सिलीची रेघ मारली आणि खोडून पाहिली. ती खोडली गेली नाही, पसरली. करडा ढग झाला. मी तक्रारअर्ज लिहायला बसले, दोन परिच्छेद झकास उतरलेसुद्धा, आणि मग लक्षात आलं की ‘मॅडम, तुम्हाला नक्की काय खोडायचंय?’ असं त्यांनी उलट विचारलं तर मला सांगता येणार नाही. म्हणून अर्ज ठेवून दिला आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा उलट विचारणा व्हायची भीती नाही.

रबर लागला तो त्याआधीच्या रविवारमुळे. केलीव्हिलला मंडळाचा कार्यक्रम होता. चहा झाल्यावर नेहमीप्रमाणे फर्माईश आली, तो वडिलांचा बेसबॉलवाला लेख वाचा ना. मी वाचला. तुमच्या हयातीत पहिल्यांदा वाचला होता, तेव्हापासून वाचतेच आहे. कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं पाठ आहे. ‘जन्मभर क्रिकेट बघितल्यामुळे मैदानात उभा असलेला प्रत्येक माणूस खेळतोच आहे अशी आमच्या वडिलांची श्रद्धा’ या वाक्याला हॉल हसतो. निम्म्या लोकांना बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नसतं, पण म्हातारा आकडेमोडीत आपटला एवढं कळलं की त्यांना पुरतं. या लेखाने मी विनोदी लेखिका झाले. यानंतरच दिवाळी अंकांची पत्रं आली, सदर मिळालं, मानधनाची शाल आणि नारळ. आणि त्या लेखातली एकच गोष्ट खोटी आहे, बाकी सगळा लेख तिच्यावर उभा आहे. आपटलात तुम्ही नाही. आपटले मी.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात, नव्वदच्या दशकाच्या मधोमध. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करायची, दिवसभर लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजायची, आणि तुम्ही त्या एकमजली विटांच्या घरात नळ ठिबकतोय का ते ऐकत बसायचात. मुंबईत विमा कंपनीत तुम्ही मृत्युदराचे तक्ते करत आयुष्य काढलंत. अमुक वयाच्या हजारांत किती माणसं वर्षभरात जातील, हे सांगणारा माणूस इथे कुठल्या दिवशी कचऱ्याचा कोणता डबा बाहेर ठेवायचा ते पाठ करत होता. एका शनिवारी फिरायला गेलात ते तीन तास आलाच नाहीत. मी घाबरून गाडी काढली, तर रस्त्यापलीकडच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडसमोर, कोणाच्या तरी घडीच्या खुर्चीत तुम्ही बसलेले. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर भलीमोठी वही. क्लबची कँटीन सांभाळणारी बाई एका हाताने सॉसेज परतत होती आणि दुसऱ्या हाताने स्कोअर लिहीत होती. तिचं दोन्ही बिघडत होतं, म्हणून तुम्ही पेन्सिल तेवढी मागून घेतलीत. ती मग तुमच्याकडेच राहिली. बदल्यात तिने तुम्हाला दर शनिवारी सॉसेजशिवायचा सॉसेज सँडविच दिला, म्हणजे पावाच्या एका स्लाइसमध्ये परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस. तुम्ही नुसते बी. एस्सी., पण दुसऱ्या आठवड्यापासून सगळं मैदान तुम्हाला प्रोफेसर म्हणायला लागलं आणि तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत. तुम्ही दुरुस्त न केलेली तेवढी एकच गोष्ट.

मग लायब्ररीतून तो अमेरिकेचा ठोकळा आणलात. शंभर वर्षांच्या बेसबॉलचे आकडे, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मुंग्यांच्या रांगा. जेवताना मला व्याख्यान. होमरन म्हणजे चेंडू कुंपणापार, आपल्या षटकारासारखा, हे मला समजलं. पण ज्याचे होमरन सर्वांत जास्त तो सर्वांत मोठा, असं हे लोक म्हणतात, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. “अगं, तो वीस वर्षं खेळला. वीस वर्षं रोज दाढी केली तर माझीही बेरीज मोठी होते. खेपा किती मिळाल्या ते बघ, आणि किती खेपांना एक मारला ते बघ. छेदात काय आहे ते आधी विचारावं.” बॅटिंगला आलेल्या प्रत्येक पाळीला तुम्ही खेप म्हणायचात. भिंग घेऊन तुम्ही अमेरिकेतल्या थोरांची नवी यादी केलीत, दर खेपेच्या हिशेबाने, आणि बेरजेतले बरेच दिग्गज खाली घसरले, कधी न ऐकलेला एखादा वर आला. तुम्ही इतके खूश होतात, जणू कंपनीने थकलेली बढती घरपोच पाठवली. मी भात वाढत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. तो माझा धंदा तेव्हा सुरू झाला नव्हता, पण सवय जुनी.

अमेरिका संपल्यावर क्लबची पाळी आली. शेडमध्ये क्लबच्या कित्येक वर्षांच्या स्कोअरच्या वह्या खोक्यांत होत्या, वर झुरळांची अंडी. भिंतीवर सन्मानफलक, त्यावर होमरनच्या बेरजा, सोनेरी अक्षरांत. सीझन संपल्यावरच्या जेवणाला खरी यादी वाचून दाखवायची, असं तुमचं आणि कँटीनवाल्या बाईचं ठरलं. अडचण एकच होती. तुमचा काचबिंदू. चालू सामन्याचं पान तुम्ही भिंगाखाली, आपल्या टपोऱ्या अक्षरांत भरू शकत होतात, पण जुन्या वह्यांतली दुसऱ्यांची किडमिडी अक्षरं तुम्हाला लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवायची. तेव्हा मोजायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी मोजण्याचाच पगार घेते, मग अजून काय पाहिजे.

तुम्ही नियम दोनदा सांगितलेत, आणि मला दोन्ही वेळा ऐकू आले. पहिला, वहीत काही खोडायचं नाही. चुकलं तर आडवी एकच रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि आपली आद्याक्षरं घालायची. “चूक कोणाची ते कळलं पाहिजे, आणि काय चुकलं होतं तेही.” दुसरा, दोनशे खेपा नसतील तो यादीत नाही, चार दिवस येऊन दोन मारून गेलेल्यांची ही जत्रा नव्हे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, वॉकची खेप धरायची नाही. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू वाईट टाकले की बॅटर न खेळता चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जातो, त्याला वॉक म्हणतात. त्यात त्याला मारायची संधीच मिळालेली नसते, म्हणून ती खेप हिशेबात येत नाही. जुन्या वह्यांत अशा चौकटीच्या कोपऱ्यात बारीक डब्ल्यू असायचा.

मैदानावर यायचा तो म्हातारा गवंडी आठवतो? माल्टाचा होता, तरुणपणी इथे येऊन अर्ध्या ब्लॅकटाउनच्या भिंती बांधल्या असं सांगायचा. जुन्या काळी क्लबकडून खेळलेला. सन्मानफलकावर त्याचं नाव खूप खाली, जवळजवळ बल्बच्या स्विचपाशी. तुम्ही यादीबद्दल सांगितल्यावर तो म्हणाला, “मला टाकायचेच नाहीत रे, प्रोफेसर. चार लांब टाकून चालायला लावायचे. माझी बायको म्हणायची, तू बॅटिंगला जातोस की वॉकला?” तुम्ही त्या दुपारी घरी आलात ते अक्षरशः उड्या मारत. म्हणालात, हाच तो नियम, त्या बिचाऱ्याला भिऊन सोडून दिलेल्या खेपा त्याच्याच छेदात कशा घालायच्या? हा माणूस वर येणार बघ. तसं तुम्ही त्याला बोलूनही बसलात. जन्मात कधी अंदाज न सांगणारा माणूस.

मी मोजत होते रविवारी दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तुम्ही समोर बसून मटार सोलत होतात, बोटांना दिसत होते तेवढे. पहिल्या दोन खोक्यांत मी डब्ल्यू शोधून शोधून वगळले. तिसऱ्या खोक्याला जीव विटला. बाहेर चाळीस डिग्री, पंख्याखाली पानं उडताहेत, आठवड्याच्या पाच शिफ्टनंतर माझा एकुलता रविवार, आणि मी मेलेल्या लोकांचे होमरन मोजते आहे. लॅबमध्ये एका पेशीचा संशय आला तर मी स्लाइड पुन्हा लावायची. इथे मी चौकटी मोजल्या. चौकट म्हणजे खेप. पाच-पाचच्या काड्यांचे गठ्ठे, भराभर. कोपऱ्यातलं काही बघितलंच नाही. बघितलंच नाही असं मी स्वतःला सांगत आले. तासाभरात खोकं संपवलं, चौथंही तसंच, आणि गवंडी याच दोन खोक्यांत होता. तुम्ही विचारलंत, “वॉक काढलेस ना?” मी म्हटलं, “हो बाबा.” तुम्ही मटार उकडायला ठेवलेत. मग मी पहिल्या दोन खोक्यांतल्या खेळाडूंच्या आकड्यांत वॉक पुन्हा मिळवून टाकले, सगळ्यांचं सारखं दिसावं म्हणून. माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक करायला तेव्हा कोणी नव्हतं.

जेवण क्लबच्या शेडबाहेर, तंबूखाली. गवंडी सूट घालून आला होता, टाय, इस्त्रीची घडी, सोबत बायको. इतर सगळे शॉर्ट्समध्ये. तुम्ही यादी तोंडपाठ केली होतीत, कागद हातात नुसता शोभेला. खालून वर वाचत गेलात. त्याचं नाव चौथ्यावर आलं. तुमचा आवाज तिथे क्षणभर अडला, तो फक्त मला कळला, कारण घरी आकडे मी शेवटच्या दिवशी भरले होते आणि तुम्ही ते पाठ केलेत ते नुसते पाठ केलेत, तपासणार कसे? गवंडी उठला, तुमचा हात हातात घेतला, म्हणाला, “चौथा. फेअर इनफ, मेट.” बायकोचे गुडघे दुखत होते, पॅव्हलोव्हा, म्हणजे इथला क्रीम आणि फळांचा गोड केक, यायच्या आधीच दोघं निघून गेले. त्यानंतर कँटीनवाली बाई यादी आणि एक जुनी वही घेऊन तुमच्यापाशी आली. तिने नवऱ्याचा आकडा ताडून पाहिला होता. म्हणाली, “प्रोफेसर, लव, तुम्ही वॉक धरलेत की काय?”

तुम्ही कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेलात. काड्यांचे गठ्ठे माझे होते, सात मी तिरका काढते, तोही माझा. मी दोन हातांवर बसले होते, तोंडात क्रीम आणि पॅशनफ्रूट. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, “माय मिस्टेक. एन्टायरली.” मंडळी हसली, वाईट मनाने नाही. कोणीतरी म्हणालं, “क्रिकेटवाला आहे, त्याला प्रत्येक बॉल मोजायची सवय.” टाळ्याही पडल्या. मी पॅव्हलोव्हा गिळला. त्या क्रिकेटच्या वाक्यावरूनच माझ्या लेखाचं पहिलं वाक्य झालं, हे तुम्हाला नंतर कळलंच.

गाडीत तुम्ही यादीची घडी घालून खिशात ठेवलीत. सिग्नलला म्हणालात, “ते कोपऱ्यातले डब्ल्यू फिकट झाले असतील ना? जुनी पेन्सिल.” मी म्हटलं, हो, दिसतच नव्हते. तुम्ही म्हणालात, “तेच म्हटलं.” आणि खिडकीबाहेर बघत राहिलात, जिथे तुम्हाला फार काही दिसत नव्हतं. दुसऱ्या रविवारी विचारलंत, पुन्हा एकदा करूया का, तेवढीच दोन खोकी. मी म्हटलं, बघू पुढच्या सीझनला. मग लेख लिहिला. मंडळाच्या अंकात आला, कार्यक्रमात वाचला, तुम्ही पहिल्या रांगेत. सगळ्यांबरोबर हसलात. घरी येऊन म्हणालात, छान जमलाय, फक्त ‘मला’ आणि ‘माझ्या’ हे शब्द जरा जास्त आलेत. पुढच्या सीझनला तुम्ही मैदानावर गेला नाहीत. डोळ्यांचं निमित्त होतंच. त्या जुलैत गेलात. मृत्युदराच्या तक्त्यात तुमच्या वयाला जे बसतं त्याहून लवकर, हे तुम्हीच मला हसत सांगितलं असतं.

गवंडी क्रिमेटोरियमला आला होता. तोच सूट. माझा हात धरून म्हणाला, “खरं सांगू? मला वाटायचं मी जरा वर असेन. पण प्रोफेसरने मोजलं होतं. म्हणजे चौथाच.” त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगू शकत होते, तिथे, तेव्हा, फुलांचा वास येत होता, मागे कोणी नव्हतं. मी म्हटलं, थँक यू फॉर कमिंग. तोही दोनेक वर्षांत गेला. खऱ्या यादीत तो पहिला होता की दुसरा, कोणास ठाऊक. कँटीनवाल्या बाईचं तेवढ्यात एका सर्जरीनंतर घर बदललं, क्लब दुसऱ्या क्लबात मिसळला, शेड पाडली तेव्हा खोकी राडारोड्याच्या लोखंडी पेटीत गेली. मैदानावर आता टाउनहाउस आहेत, एकाच साच्यातली चाळीसेक, आणि तिथल्या एका घरी मी मागच्या महिन्यात सत्यनारायणाला जाऊन आले. साधारण दुसऱ्या बेसवर बसून शिरा खाल्ला. म्हणजे ती यादी आता कोणालाही, कितीही पश्चात्तापाने, दुरुस्त करता येणार नाही. छेदच उरलेला नाही.

कागद मात्र आहे. तुमच्या चष्म्याच्या डबीखाली होता. चौथ्या नावाशेजारी तुम्ही पेन्सिलीने एक बाण वर काढला आहे, प्रश्नचिन्हासकट. आणि अगदी खाली, टपोऱ्या अक्षरांत, मराठीत, म्हणजे कँटीनवाल्या बाईसाठी नाही: ‘मोजणीतील चूक माझी’, पुढे तुमची आद्याक्षरं. केलीव्हिलहून आल्यावर मी हा कागद बाहेर काढला आणि वाटलं, तेवढी आद्याक्षरं खोडून टाकावीत. म्हणून तो रबराचा सगळा तमाशा. कागदावर त्या बारांतला एक रबर टेकवला आणि तुमचा पहिला नियम आठवला, काही खोडायचं नाही.

रबर ठेवून दिला. तुमच्या आद्याक्षरांवरून आडवी एकच रेघ ओढली, पेनने, हलकी; खालची अक्षरं अजून वाचता येतात. शेजारी माझी घातली. जागा थोडी कमी पडली, पण बसली. बस्स, एवढंच करता येण्यासारखं होतं, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही. लेख मी मंडळाला पुन्हा देणार नाही असं इथे लिहिणार होते, पण गणपतीला फर्माईश आली की मी वाचेन, तुम्ही ओळखता मला. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून यादीच्याच घडीत ठेवते आहे. आणि बाबा, ते डब्ल्यू फिकट नव्हते. चांगले ठळक होते.